चार पेपर लांब पलंग

माझी आई मला तोंडापेक्षा पाठीवरून जास्त ओळखीची आहे. शंभर बायका पाठमोऱ्या उभ्या करा, मी एका फटक्यात बोट ठेवीन. मानेखाली उजवीकडे तीळ, त्याच्यावर केसांची एक चुकार बट आणि खांद्यावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली. आई एका मोठ्या दैनिकात रात्रपाळीची वृत्तसंपादक आहे. पेपर छापायला जाईपर्यंत त्यातली प्रत्येक बातमी तिच्या हाताखालून जाते. उजाडता घरी येते, भिंतीकडे तोंड करून झोपते, दुपारी उठते, उभ्याउभ्या चहा पिते, फोनवर कुणालातरी झापते आणि जाते. सुट्टीच्या दिवशी तरी घरी असेल म्हणाल, तर सुट्टीच्या दिवशी संघ असतो.

संघ म्हणजे महिला पत्रकार संघ. आई त्याची अध्यक्ष. बाबा म्हणतात, "तुझ्या आईला भेटायचं तर एक तर बातमी व्हावं लागतं, नाहीतर सदस्य." हे ते हसत म्हणतात, पण तिचं ताट झाकता झाकता म्हणतात, म्हणून मला कधी नीट हसू आलेलं नाही.

बातमी व्हायचा प्रयत्न मी केला होता. गणिताच्या सरांशी माझं वाजलं, दप्तर उचललं आणि घरी आले ती परत शाळेत गेलेच नाही. मला वाटलं, आता आई रजा टाकणार, आरडाओरडा करणार, निदान दोन दिवस आमचं कडाक्याचं भांडण होणार. आई म्हणाली, "संध्याकाळी बोलू." त्या संध्याकाळची मी अजून वाट बघतेय.

राहिला दुसरा मार्ग.

शाळा सोडल्यावर मी एका सांजपेपरात टायपिंगला लागले होते. सांजपेपर म्हणजे दैनिकाच्या बरोबर निम्म्या आकाराचा, बसमध्ये उलगडला तरी शेजारच्याच्या नाकाला लागत नाही असा. तिथले ज्योतिषी एकदा अचानक आजारी पडले (त्यांना ते आधी कळलं नव्हतं, हे मी फक्त नोंदवते) आणि पान तर जायचं होतं. मालक म्हणाले, "तू टायपिंग करतेस ना, मग तूच लिही." तेव्हापासून बारा राशींचं भवितव्य माझ्या हातात आहे. आईची रास मकर. मकरेला मी दर आठवड्याला लिहायचे, 'घरी थांबल्यास लाभ. जवळच्या व्यक्तीशी मन मोकळं करा.' आई सांजपेपर वाचत नाही आणि भविष्य तर नाहीच नाही. पण शहरातल्या बाकीच्या मकरवाल्यांनी काय केलं कोण जाणे. आमचे मालक मकर निघाले. दोन आठवडे ते कामावर फिरकले नाहीत.

तर अठरा पूर्ण झाल्या झाल्या मी संघाचा अर्ज भरला. कार्यकारिणीत सहसचिवाची जागा कायम रिकामी असते, कारण सहसचिवाला खुर्च्या मांडाव्या लागतात. त्या जागेसाठी मी उभी राहिले आणि माझ्याविरुद्ध कुणीच उभं राहिलं नाही. वाद झाला तो वेगळाच, भविष्य लिहिणारीला पत्रकार म्हणायचं का? कोर्टाच्या बातम्या करणारी कोर्टमावशी म्हणाली, "हवामान छापणारीला आपण सदस्य केलंय. तिचं तरी कुठे खरं ठरतं?" हवामानवाली त्या दिवशी आली नव्हती. पाऊस पडेल म्हणून घरी थांबली होती. ऊन पडलं होतं.

आईने माझा अर्ज हातात घेतला, नाव वाचलं, चष्मा वर केला. "ही आपली?"

"हो, आपलीच," मी म्हटलं.

"बरं. बिनविरोध," आई म्हणाली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

अशी मी निवडून आले.

संघाची खोली आईच्या ऑफिसच्या शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. आधी ते सामानाचं गोदाम होतं. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, त्यावरून माणसं सारखी चढतात आणि उतरताना मात्र कधीच दिसत नाहीत. खोलीत सहा खुर्च्या. त्यातल्या एकीला टेकायचं नसतं. ती नव्या सदस्याला देतात आणि टेकायचं नसतं हे सांगत नाहीत.

खाली पडल्यावर मी उठले, फ्रॉकची धूळ झटकली आणि अपमान गिळून त्याच खुर्चीत ताठ बसले. कारण समोरच्या खुर्चीत आई होती. जागी. तोंड माझ्याकडे. पूर्ण दोन तास. विषयपत्रिका माझ्या मांडीवर होती, पण वाचतंय कोण! हसताना आईच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं, विषय क्रमांक दोन चालू असताना. विषय क्रमांक तीनला कळलं की विचार करताना ती पेनचं टोपण कानात घालते. मला वाटलं, विषय संपूच नयेत.

ते तसे संपतही नव्हते. पाच बातमीदार बायका एका खोलीत बसल्या की काय होतं हे तुम्हाला माहीत नसेल. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करायचं, तर प्रत्येकीने त्यावर पेन चालवलं. अग्रलेखआजी, ज्या आयुष्यभर अग्रलेख लिहून आता निवृत्त आहेत, त्या म्हणाल्या, "एकीकडे हे इतिवृत्त पुरेसं आहे. दुसरीकडे, नाही." खजिनदारताई, बाजारभावाचं पान सांभाळणाऱ्या, म्हणाल्या, "पहिला परिच्छेद पडलाय, शेवटचा वर गेलाय." लेआउटकाकूंनी, त्या पानं लावतात, निम्मं इतिवृत्त कापूनच टाकलं. म्हणाल्या, "जागा नाही." वहीत अख्खी पानं कोरी होती.

आणि ह्या सगळ्यात आईची मान हळूच खाली गेली. टेबलावर डोकं, तोंडावर आजचा पेपर. झोपली.

सभा तशीच चालू राहिली. सवय असावी. कोर्टमावशीने फक्त पेपर थोडा सरकवून नाकाला वाट करून दिली. मला मात्र कसंसंच झालं. एवढी मोठी अध्यक्ष आणि झोपायची कशी, तर टेबलावर, क्रीडा पुरवणीखाली.

"इथे एक पलंग का नाही घेत?" मी म्हटलं.

सगळ्यांची पेनं खाली आली. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. की अगं खरंच, पहाटेपर्यंत काम करायचं आणि सकाळी परत इथेच कार्यक्रम असेल तर जायचं कुठे, मी तर एकदा गाडीत झोपले होते, मी झेरॉक्सच्या खोलीत. आई त्या गलक्याने जागी झाली, तिला सगळं सांगितलं गेलं, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "छान मुद्दा आहे सहसचिवांचा."

छान मुद्दा. मी जिना उतरले तो पायांनी उतरले की नाही आठवत नाही. 'पलंग उपसमिती' नेमली गेली होती, त्यात मी आणि लेआउटकाकू. घरी पोचल्यावर खालच्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या, त्यांना आधी सांगितलं. वहिनींना प्रत्येक गोष्टीत मत असतं. गादी कापसाची घ्या, काथ्याची टोचते. उशाला भिंत पाहिजे, दार नको. पलंगाखाली जागा सोडा, नाहीतर झाडू जात नाही. मी सगळं ऐकून घेत होते. मग चिमटा तोंडात धरूनच त्या म्हणाल्या, "पण मग गं, तुझी आई घरी कशाला येईल?"

"म्हणजे?"

"घरी ती झोपायलाच येते ना?"

चिमटा काढून त्यांनी परकराला लावला आणि आत गेल्या. खरं सांगते, शाळेत एवढी वर्षं कुणी मला एवढं सरळ गणित शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई उठायची वाट बघत मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. ती चहा ओतत होती.

"आई, पलंग आला की तू तिथेच झोपणार?"

"आठवड्यातले चार दिवस तरी," आई म्हणाली. तोंडावर केवढा आनंद! "जाण्यायेण्याचा वेळ वाचेल गं. किती छान सुचलं तुला!" आणि चहा अर्धा टाकून गेली.

मी तिच्या खोलीत गेले. चादर अजून गरम होती. सकाळभर मी त्याच खोलीत बसून भविष्य लिहायचे, की-बोर्ड अगदी हळू दाबत. ती झोपलेली, मी लिहितेय. कुणाला सांगितलं तर हसेल, पण आमचं जे काही एकत्र असणं होतं ते तेवढंच होतं. ते मी स्वतःच्या तोंडाने ठराव मांडून संघाला देऊन टाकलं होतं. एकमताने.

मग मी ठरवलं, पलंग येऊ द्यायचा नाही. उपसमितीत मीच होते. उपसमितीने काम अडवायचं नाही तर कुणी अडवायचं?

पहिली आशा इमारतीचे व्यवस्थापक. टेबलावर काच, काचेखाली नियम. ते म्हणाले, "पलंग म्हणजे निवासी वापर. कार्यालयीन इमारतीत चालत नाही."

"अगदी बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "लेखी देता का?"

त्यांनी माझ्याकडे डोळे भरून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे इतक्या प्रेमाने नकार कुणी मागितला नसावा. चहा पाजला. बिस्किट दिलं. नकार सुवाच्य अक्षरात लिहून त्यावर गोल शिक्का मारला आणि तो सुकेपर्यंत फुंकर घातली.

तो नकार मी सभेत दुःखी चेहऱ्याने वाचला. कोर्टमावशीने तो हातातून घेतला, खाली गेली आणि पाच मिनिटांत वर आली. हातात परवानगी.

"काय केलंस गं?" आईने विचारलं.

"काही नाही. त्यांच्या केबिनमागे पडद्याआड जी खाट आहे, ती कोणत्या वापरात मोडते एवढंच विचारलं. ते म्हणाले, ती खाट नाही, लांब बाक आहे. म्हटलं, आम्हालाही तस्साच लांब बाक हवाय."

ह्या बायकांच्या हातून एखादं काम अडेल अशी आशा धरणं हाच माझा मूर्खपणा होता. गादीवाला म्हणाला महिना लागेल, खजिनदारताईंनी त्याला कापसाच्या भावावर अर्धा तास ऐकवलं, गादी आठवड्यात आली. जिना अरुंद आहे म्हटलं, तर अग्रलेखआजी जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकीकडे अरुंद आहे, दुसरीकडे वळणावर रुंद आहे." आणि खरंच होता.

राहिलं माप. सुतारकाका फोनवर म्हणाले, "ताई, मला यायला जमणार नाही, माप सांगा, वस्तू पोचवतो." लेआउटकाकूंनी टेप शोधला. सापडला नाही. त्यांनी टेबलावरची रद्दी उचलली आणि भिंतीलगत जमिनीवर पेपर मांडायला सुरुवात केली. एकाखाली एक उभे, पानाला पान लावून, मधे तसूभर फट नाही.

"काकू, हे काय?"

"अगं, तीस वर्षं मी दुसरं काय मोजलंय?" त्या त्या पेपरांवर आडव्या झाल्या, पाय ताणले. "हं. तुझी आई माझ्यापेक्षा उंच. लांबी चार पेपर. रुंदी तीन." आणि फोनवर सुतारकाकांना ओरडून सांगितलं, "चार पेपर लांब, तीन पेपर रुंद! कळलं?"

"कळलं ताई. पेपर आहे आमच्याकडे."

कुणालाही ह्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आमच्या घरात मी लहान असताना माझी उंचीसुद्धा दाराला पेपर लावून मोजायचे. मी दोन पेपर झाले तेव्हा आईने पेढे वाटावेत तसं सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे. बाबा सांगतात.

पलंग आला तो सुट्टीच्या दिवशी, सभा चालू असताना. दोन माणसांनी तो एका दमात, गाणं गुणगुणत वर आणला. जिन्यात अडकेल ही माझी शेवटची आशा होती, पण तो अडकायचं सोडा, भिंतीला लागलासुद्धा नाही. त्यांनी तो खिडकीखाली ठेवला, आधी आलेली गादी दुमडून त्यावर टाकली, उशी ठेवली आणि गेले.

आम्ही सगळ्या त्याच्याभोवती गोळा झालो.

"हा पलंग आहे, असा दावा आहे," कोर्टमावशी म्हणाली.

"एकीकडे आहे," अग्रलेखआजी म्हणाल्या आणि पुढे काहीच म्हणाल्या नाहीत.

बाळासाठी मोठा, माणसासाठी लहान, असं ते प्रकरण होतं. लेआउटकाकूंनी सुतारकाकांना फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"चार पेपर म्हणाला होतात ना ताई? मोजून केलाय! आमच्याकडे सांजपेपर येतो. घरात भविष्य वाचायची सवय आहे सगळ्यांना."

पाचही माना माझ्याकडे वळल्या. मी छताकडे बघितलं.

आई उठली, चप्पल काढली आणि पलंगावर आडवी झाली. पोटऱ्यांपासून पुढे सगळं बाहेर. मला वाटलं, संपलं, सुटले. पण तिने पाय पोटाशी घेतले, भिंतीकडे वळली, उशी दुमडली. "होतंय की," ती म्हणाली, आवाज आधीच झोपेतला. "राहू दे. परत नका पाठवू."

"परत पाठवणारच," खजिनदारताई म्हणाल्या. "आणि अध्यक्ष, माफ करा, पण ह्याला जबाबदार उपसमिती आहे. कुणीतरी लक्ष ठेवायला नको? पोरीला जबाबदारी दिली की असंच होणार. शाळा पुरी न केलेल्या..."

त्या थांबल्या. पण तोवर माझं डोकं फिरलं होतं. ते फिरायला फार वेळ घेत नाही.

"बरं झालं छोटा आला!" मी उभी राहिले, टेकायचं नसलेली खुर्ची मागे आडवी झाली. "अजून छोटा यायला हवा होता! मांजराला पुरेल एवढा! तुम्हाला सगळ्यांना काय, पलंग पाहिजे. ती घरी फक्त झोपायला येते. फक्त झोपायला! जागी असते तेव्हा पेपरची, नाहीतर तुमची. मी इथे कशाला येते वाटलं तुम्हाला, खुर्च्या मांडायला? दोन तास ती समोर बसते म्हणून येते. आता झोपलेली पण तुम्हीच घ्या. घ्या!"

आवाज शेवटी फाटला. मला त्याचाच जास्त राग आला.

आई पलंगावर उठून बसली होती. लेआउटकाकूंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. खजिनदारताई काहीतरी बोलणार होत्या, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मग कोर्टमावशीचा. मग बाकीच्यांचे एकदम. खोलीत चार वेगवेगळ्या सुरांचा गोंधळ.

"काय? राजीनामा? पूर्ण मंत्रिमंडळाचा?" कोर्टमावशी एका हाताने पर्स शोधत होती. "निघाले. दहा मिनिटं."

बघता बघता खोली रिकामी झाली. लेआउटकाकू दारातून ओरडल्या, "पहिलं पान मोडायला लागणार!" आणि पळाल्या. खजिनदारताई माझ्याजवळ क्षणभर थांबल्या, माझी कॉलर उगाच नीट केली, गेल्या. अग्रलेखआजींना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याही निघाल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून "एकीकडे..." म्हणाल्या. दुसरी बाजू त्यांना काही सापडली नाही.

आईचा फोन वाजतच होता. पडद्यावर 'संपादक'. मी खुर्ची उचलून सरळ केली, तिच्याकडे न बघता. आता चप्पल घालेल, आता पर्स घेईल. चपलेचा आवाज आला नाही. वळून बघितलं तर तिने फोन पालथा घातला होता, गादीवर, आणि बाजूची जागा हाताने झटकत होती.

"ये. बैस."

"तुला जायचंय ना."

"बैस म्हटलं ना."

बसले. बसायला पलंग अगदी बेताचा होता. दोघींचे पाय जमिनीला टेकत होते.

"सांग," आई म्हणाली.

"काय सांगू?"

"काहीही. घरात काय चाललंय?"

इतकी वर्षं मी साठवत आले होते, काय काय सांगायचं, कसं सुनवायचं, कुठल्या वाक्यावर तिला रडू यायला पाहिजे. आणि आयत्या वेळी तोंडातून काय निघालं, तर नळ. बाथरूमचा नळ तुटला होता, तो बाबांनी बसवला आणि उलटा बसवला. आता गरमच्या बाजूने गार येतं. बाबा कबूल करत नाहीत. म्हणतात कंपनीने लाल-निळं चुकवलंय. रोज सकाळी आत गेले की आधी किंचाळतात, मग आतूनच ओरडून सांगतात, "मुद्दामच गार घेतलं!"

आई हसली. खूप वेळ हसली, डोळे पुसत. "मग?"

मग मी वहिनींचं सांगितलं, आमच्या मालकांचं सांगितलं, खिडकीच्या जाळीत अडकलेल्या कबुतराचं सांगितलं. आई "हं" म्हणत होती. मग "हं" लांबत गेलं. मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, जड, गरम, आणि श्वास सावकाश झाला. मी कबुतराचं पूर्ण केलं तरी. ते सुटलं, उडून गेलं. हाताला मुंग्या आल्या, तो हलवला नाही. समोरच्या जिन्यावरून माणसं वर चढत होती.

गादीवर फोन परत थरथरायला लागला. फळीतून ते पार माझ्या पायापर्यंत येत होतं. मोकळ्या हाताने मी तो उचलला.

"अहो, आहात कुठे?" पलीकडून संपादक ओरडत होते. "सरकार पडलंय!... हॅलो? कोण बोलतंय?"

"सहसचिव," मी अगदी हळू आवाजात म्हटलं. "अध्यक्ष महोदया सभेत आहेत. सभा लांबेल."